बुडालेल्या तासांचा तक्ता भरण्याआधी

प्रति,
वादळाच्या दिवसांत शाळा बंद ठेवण्याचे, चालू ठेवण्याचे आणि बुडालेले तास भरून काढण्याचे आदेश काढणारे शिक्षण खात्यातील सर्व अधिकारी

विषय : वादळानंतरचे पहिले दोन दिवस वर्गशिक्षकांच्या हाती देण्याबाबत

सादर नमस्कार.

रात्रीचे साडेनऊ वाजले आहेत. काल दुपारी सुरू झालेला वारा अजून थांबलेला नाही. वीज संध्याकाळीच गेली. घरातल्या मधल्या खोलीला एकही खिडकी नाही, तिथे भिंतीला पाठ टेकून मी बसले आहे. शेजारी विजेरी, पाण्याच्या दोन बाटल्या आणि दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेल्या सहावीच्या ४३ वह्या. तपासायला म्हणून त्या परवा घरी आणल्या होत्या. बरे झाले आणल्या, कारण आमच्या वर्गाचे कपाट खिडकीखालीच आहे आणि त्या खिडकीचे एक दार नीट लागत नाही.

मांडीवर टाचणवही उघडी आहे. सोमवारी शाळा उघडली तर काय शिकवायचे ते लिहिते आहे. आतापर्यंत दोन टाचणे झाली, तिसरे चालू आहे. पहिले सगळी मुले आली तर, दुसरे निम्मीच आली तर, आणि तिसरे आमची वर्गखोली आसऱ्याला आलेल्या कुटुंबांना दिलेली असली तर. तिसरे अर्ध्यावर ठेवून हे पत्र लिहायला घेतले, कारण सोमवारी शाळेत पाय ठेवल्यावर मला आधी एक तक्ता भरावा लागणार आहे आणि तो भरण्यापूर्वी तुमच्याशी बोलायचे आहे.

तक्ता तुम्हाला ठाऊक आहे. तारीख, इयत्ता, विषय, बुडालेल्या तासिका, भरून काढल्याची तारीख, आणि खाली शिक्षकाची सही. शाळा उघडल्यापासून दोन दिवसांत तो द्यायचा असतो. शेवटच्या रकान्यातले सगळे आकडे जुळले की काम पूर्ण झाले असे मानले जाते. गेली कित्येक वर्षे मी तो इमानेइतबारे भरते आहे. त्यात खोटे काही लिहिलेले नाही. तरीही दर वेळी सही करताना वाटत आले आहे की आपण काहीतरी चुकीचे मोजतो आहोत. आज या खोलीत बसल्यावर ते काय आहे ते मला नीट दिसले.

आज रात्री मी काय करते आहे ते सांगते. सहावीचा अपूर्णांकांचा धडा चालू आहे. वादळाआधीच्या शेवटच्या तासाला आम्ही एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांच्या बेरजेपाशी थांबलो होतो. या ४३ वह्यांपैकी १९ वह्यांत उत्तर आले आहे दोन पंचमांश. वरचे दोन आकडे मिळवले, खालचे दोन आकडे मिळवले. ही चूक शिकवणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीची आहे. लाल शाईने फुली मारून शेजारी पाच षष्ठांश लिहिणे अर्ध्या मिनिटाचे काम. पण त्याने मूल सुधारत नाही, ते माझे उत्तर उतरवून घेते एवढेच. त्याला स्वतःला खटकले पाहिजे. म्हणून मी विचारायचे ठरवले आहे : अर्ध्यामध्ये आपण आणखी काही मिळवले, मग उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसे आले? दोन पंचमांश म्हणजे अर्ध्याहून कमी, हे मुलांना पटवायला चौकटींच्या वहीतली दहा घरांची पट्टी लागेल. मग बेरजेसाठी सहा घरांची. दहाची आधी दाखवायची की सहाची, यावर मी आज संध्याकाळी जवळजवळ तासभर घालवला. विजेरीच्या उजेडात दोन्ही पट्ट्या काढून पाहिल्या. सहाची आधी दाखवली तर उत्तर लगेच मिळते आणि मुले आपली चूक विसरून पुढे जातात. दहाची आधी दाखवली तर ती अडतात, एकमेकांकडे बघतात, कोणीतरी म्हणते "बाई, पण हे कमी होतंय." ते वाक्य वर्गातून यायला हवे. तेव्हा दहाची आधी.

हा एक तास एका प्रश्नाच्या क्रमावर गेला. तुमच्या तक्त्यात त्याला रकाना नाही, आणि तो असावा असा माझा हट्टही नाही. फक्त हे काम आहे एवढे मान्य व्हावे. तीसहून अधिक देशांतल्या शिक्षकांना ओईसीडी या अनेक देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेने २०१३ साली त्यांच्या आठवड्याबद्दल विचारले होते. माध्यमिक वर्गांच्या शिक्षकांनी सांगितलेले सरासरी ३८ तास, त्यातले १९ तास वर्गात. उरलेल्यांपैकी सुमारे सात तास पाठांच्या तयारीत आणि पाच तास वह्या-पेपर तपासण्यात. म्हणजे निम्मे काम वर्गाच्या बाहेर होते आणि वर्गातले निम्मे त्याच्यावर उभे असते. वादळात शाळा बंद पडते ती वर्गातल्या अर्ध्यापुरती. हे दुसरे अर्धे चालू असते, आणि खरे सांगायचे तर वादळात ते एरवीपेक्षा जास्त असते, कारण सगळे नव्याने मांडावे लागते.

आता एक गोष्ट सांगते, जी मला आज दुपारी सापडली आणि जिच्यामुळे मी खरे तर हे पत्र लिहायला बसले.

दुपारी विजा फार होत्या. वीज चमकली की गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे, ही माझी लहानपणापासूनची सवय. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे तीन सेकंदांत सुमारे एक किलोमीटर. मोजलेल्या सेकंदांना तीनने भागले की वीज किती लांब पडली ते कळते. मी मोजत होते : नऊ सेकंद, तीन किलोमीटर. मग अकरा. अकराला तीनने भाग जात नाही. तीन पूर्ण आणि दोन उरले. तीन पूर्णांक दोन तृतीयांश किलोमीटर.

आणि मी तिथेच थांबले. दर सेकंदाला एक तृतीयांश किलोमीटर! एक तृतीयांश, एक तृतीयांश, एक तृतीयांश, झाला एक. माझ्या वर्गातली मुले गेले दोन दिवस घरोघरी हेच ऐकत बसली आहेत. त्यातल्या काहींनी नक्की मोजले असणार, कारण विज्ञानाच्या तासाला मीच त्यांना हे शिकवले होते. कागदाच्या पट्टीवर जो अपूर्णांक त्यांना परका वाटतो, तो दोन दिवस त्यांच्या छपरावर वाजतो आहे. मी धडपडत टाचणवही ओढली आणि लिहून काढले : किती सेकंद मोजले ते विचारायचे. फळ्यावर आकडे मांडायचे. चार, सात, दहा, अकरा. प्रत्येकाचे किलोमीटर करायचे. वीज जवळ येत होती की लांब जात होती? किती किलोमीटरने? इथे वजाबाकी येते, समच्छेदही येतो. मग पुन्हा एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश.

त्याच पानावर विज्ञानाच्या तासासाठीही लिहिले. फ्रान्सिस बोफर्ट या नौदलाच्या अधिकाऱ्याने १८०५ साली वाऱ्याचा जोर शून्य ते १२ अशा पायऱ्यांत मांडला. त्याच्याकडे वेग मोजायचे यंत्र नव्हते, जहाज आणि शिडे वाऱ्यात कशी वागतात त्यावरून त्याने पायऱ्या ठरवल्या. पुढे जमिनीसाठी झाडांवरून खुणा ठरल्या : सहाव्या पायरीला मोठ्या फांद्या हलतात आणि छत्री सांभाळणे अवघड होते, आठव्या पायरीला झाडांच्या डहाळ्या मोडतात आणि वाऱ्याविरुद्ध चालणे फार अवघड होते, १२ म्हणजे ताशी ११८ किलोमीटर आणि त्याहून जास्त. बंद खिडकीच्या काचेतून मुलांनी जे पाहिले त्याला ती स्वतः आकडा देऊ शकतील. निरीक्षण म्हणजे काय, हे यापेक्षा चांगले मला कोणत्याही प्रयोगशाळेत शिकवता येणार नाही.

पण मग मला तो मुलगा आठवला. दुसऱ्या बाकावर बसतो. मागच्या पावसाळ्यात ढग वाजले की कानांवर हात ठेवून डोके बाकाला टेकवायचा. आणि ती मुलगी, जिच्या घराचे पत्रे मागच्या वादळात उडाले होते आणि जी आठवडाभर शाळेत एक शब्द बोलली नव्हती. सोमवारी पहिल्याच तासाला मी आनंदाने विचारले, "सांगा बरे, कोणी किती सेकंद मोजले?", तर त्या दोघांचे काय होईल? विजा मोजण्याचा तास मी पहिल्यावरून काढला. पहिल्या तासाला मुले बोलतील, नाही तर चित्र काढतील, नाही तर नुसती बसतील. मी प्रत्येकाच्या बाकापाशी एकदा जाईन. घर कसे आहे, वही-पुस्तके कोरडी आहेत का, रात्री झोप झाली का, एवढेच विचारीन. विजांचा तास मंगळवारी, तोही सगळे ठीक दिसले तर. टाचणात मी तसे लिहिले आहे, आणि समासात त्या दोन मुलांची आद्याक्षरे.

तक्त्याप्रमाणे मात्र सोमवारी पहिल्या तासाला गणिताची बुडालेली तासिका क्रमांक एक भरून काढायची आहे.

मागच्या वर्षी मी तसेच केले होते. त्याचे काय झाले ते लपवत नाही. वादळाने आमचे सहा दिवस गेले. आदेश आला की रोज एक जादा तास, शनिवारी पूर्ण वेळ, आणि चित्रकला-खेळाच्या तासिका महिनाभर मुख्य विषयांना. मी अपूर्णांकांचा धडा ठरल्या तारखेच्या एक दिवस आधी संपवला. तक्त्यावर सही केली. दीड महिन्याने चाचणी झाली तेव्हा त्या वर्गातल्या अर्ध्याहून जास्त मुलांनी छेदांची बेरीज केली होती. धडा माझा पूर्ण झाला होता, त्यांचा झालाच नव्हता. त्यातली कित्येक मुले त्या पहिल्या आठवड्यात माझ्यासमोर बसून झोपत होती आणि मी त्यांना जागे करून पुढचे उदाहरण घालत होते. हे मी केले. मला आदेश होता, पण खडू माझ्या हातात होता, आणि त्या मुलांना उठवताना मला ते चुकीचे वाटत होते.

घाई केल्याने बुडालेले भरून येते, हा समजच तपासून पाहायला हवा. हर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने स्वतःवरच वर्षानुवर्षे प्रयोग करून १८८५ साली विस्मरणाबद्दल लिहिले. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या आणि किती वेळाने किती विसरले ते पाहायचे. सुरुवातीला विसरणे फार झपाट्याने होते, मग त्याचा वेग मंदावतो, हे त्याचे निरीक्षण बहुतेकांना माहीत असते. त्याने आणखी एक गोष्ट दाखवली होती, ती आमच्या कामाची आहे : विसरलेली यादी पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. विसरल्यासारखे वाटते तेव्हाही मागे काहीतरी उरलेले असते. सहा दिवसांनी परतलेल्या वर्गात म्हणूनच आधी मागे जावे लागते. दोन दिवस जुन्या गोष्टी पुन्हा वर काढल्या तर त्या लवकर येतात, आणि मग पुढचे त्यांच्यावर उभे राहते. ते दोन दिवस वाचवून थेट नव्या उदाहरणांवर गेले की खाली काहीच नसते. माझ्या मागच्या वर्षीच्या वर्गाचे तेच झाले.

ऑनलाइन तासांबद्दलही लिहिते, कारण या वेळीही वादळ सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तोंडी निरोप आला आहे की शक्य तिथे तास चालू ठेवावेत. मागच्या वर्षी मी एक तास घेतला होता. ४३ पैकी १७ मुले जोडली गेली, दहा मिनिटांत नऊ उरली. त्यातला एक मुलगा खिडकीला अगदी चिकटून बसला होता. मागे आकाश लखलखत होते. मी त्याला म्हटले, "आधी खिडकीपासून लांब हो." तो म्हणाला, "बाई, इथेच रेंज येते." मी ओरडले, लांब हो म्हणून. तो उठला आणि त्याचा चौकोन काळा झाला. पुढचे तीन तास मी त्याच्या वडिलांचा फोन लावत होते. तो ठीक होता. पण विजा कडाडत असताना खिडकी-दारापासून दूर राहा, भिंतीतल्या विजेला जोडलेली उपकरणे हातात धरू नका, हे आम्हीच मुलांना शिकवतो. चार्जरची वायर भिंतीत आणि फोन हातात धरून त्यांना खिडकीशी बसवणारा तास मी पुन्हा घेणार नाही. यासाठी माझ्यावर कारवाई झाली तर तिला सामोरी जाईन. वादळाच्या दिवशी ऑनलाइन तासाचा निरोप कृपा करून कोणालाच देऊ नका, तोंडीसुद्धा नको.

हा केवळ माझ्या वर्गाचा प्रश्न नाही हे आकड्यांवरून दिसते. युनिसेफने जानेवारी २०२५मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार २०२४ या एका वर्षात उष्णतेच्या लाटा, चक्रीवादळे, पूर, दुष्काळ अशा कारणांनी ८५ देशांतल्या किमान २४ कोटी २० लाख विद्यार्थ्यांच्या शाळेत खंड पडला. शाळेचे वर्ष आखताना वादळाचे दिवस आता अपवाद धरून चालणार नाहीत. ते दरवर्षी येणार आहेत, आणि त्यानंतरचा सोमवारही दरवर्षी येणार आहे.

आणखी एक जुनी घटना तुमच्यासमोर ठेवते. १२ जानेवारी १८८८. अमेरिकेच्या मधल्या गवताळ प्रदेशात कित्येक दिवसांच्या कडाक्यानंतर त्या सकाळी हवा उबदार होती. मुले साध्या कपड्यांत शाळेत गेली. दिवसाच मुलखावर हिमवादळ कोसळले, हात पुढे केला तर दिसेना. वाऱ्याची बातमी देणारी यंत्रणा तेव्हा होती, पण इशारा त्या एकाएकट्या शाळांपर्यंत वेळेत पोहोचला नाही. सुमारे २३५ माणसे गेली, त्यांत शाळेतून घरी निघालेली मुले इतकी होती की ते वादळ आजही शाळकरी मुलांचे हिमवादळ म्हणून ओळखले जाते. नेब्रास्कातल्या एका ढेकळांच्या भिंतींच्या शाळेत मिनी फ्रीमन ही जेमतेम १९ वर्षांची शिक्षिका होती. वाऱ्याने छप्पर उचलले तेव्हा ती सगळ्या मुलांना घेऊन बाहेर पडली आणि त्यांना सुखरूप एका शेतघरापर्यंत नेले. त्याच राज्यात लोइस रॉयस ही दुसरी शिक्षिका तीन मुलांसह शाळेत अडकली. दुपारी जळण संपले. राहते घर शंभर-दोनशे पावलांवर होते, म्हणून ती मुलांना घेऊन निघाली आणि त्या पांढऱ्या अंधारात वाट चुकली. तिन्ही मुले गारठून गेली. ती वाचली, पण तिचे दोन्ही पाय कापावे लागले.

या दोघींबद्दल मी गेल्या दोन दिवसांत पुष्कळ विचार केला. एकीचे कौतुक झाले, दुसरीच्या वाट्याला आयुष्यभराचे दुःख आले. दोघींनी त्या घटकेला जे कळले ते केले. शाळेत पुरेसे जळण असणे आणि इशारा आदल्या संध्याकाळी पोहोचणे या दोन गोष्टी त्यांच्या हातात नव्हत्या. त्या कोणा दुसऱ्याच्या हातात होत्या.

मागच्या वर्षी आमच्या बाबतीत सुटीचा आदेश सकाळी ११ वाजता आला. मुले साडेदहालाच वर्गात बसली होती. आदेशात एवढेच होते की विद्यार्थ्यांना सुरक्षितपणे घरी सोडावे. बाहेर झाडे वाकत होती. कोणाला सोडायचे, कोणाला ठेवायचे, कोणाच्या आईला फोन लागतो, कोणाची वाट ओढ्यावरून जाते, हे सगळे आम्ही व्हरांड्यात उभे राहून ठरवले. शेवटची ११ मुले संध्याकाळी सातपर्यंत माझ्यापाशी होती. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास थांबायचे, तोपर्यंत बाहेर पडायचे नाही, हा नियम मला माहीत होता म्हणून मी घड्याळाकडे बघत बसले. दर वेळी २० मिनिटे झाली की पुन्हा गडगडे आणि मोजणी पहिल्यापासून. त्या दिवशी माझ्यावर केवढा विश्वास टाकला होता तुम्ही! ११ जीव. मला कोणी विचारले नाही की तुमच्याकडे तक्ता आहे का, कोणत्या तारखेला काय करणार ते लिहून द्या. वादळात ज्या शिक्षिकेच्या हाती मुले सोपवता येतात, तिच्या हाती वादळानंतरचे दोन दिवस सोपवता येणार नाहीत का?

हेच माझे मागणे आहे. शाळा उघडल्यावरचे पहिले दोन दिवस कोणत्या विषयाचे किती तास, हे वर्गशिक्षकाला ठरवू द्या. त्या दोन दिवसांना भरून काढण्याच्या हिशेबात धरू नका. एखाद्या वर्गाला एकच दिवस लागेल, एखाद्याला चार. माझ्या शेजारच्या वर्गातल्या मुलांची घरे पक्की आहेत, तिथे बाई मंगळवारी सरळ पुढचा धडा घेतील आणि ते बरोबरच असेल. त्यानंतरही जे शिकवायचे राहील ते किती आणि कसे बसवायचे हे आम्हाला मांडू द्या. कधी दोन धड्यांतला सामाईक भाग एकत्र शिकवता येतो, कधी एखादा भाग सरळ पुढच्या वर्षावर जावा लागतो. चित्रकला आणि खेळाचे तास मात्र काढून घेऊ नका. वादळातून आलेल्या मुलाला त्या आठवड्यात सगळ्यांत जास्त गरज त्यांचीच असते. मागच्या वर्षी ती मुलगी पहिल्यांदा बोलली ती चित्रकलेच्या बुडवलेल्या तासाला, गणिताच्या मध्येच. "बाई, आज रंग नाहीत का?" असे तिने विचारले. मी नाही म्हणाले.

आणि सुटीचा निर्णय आदल्या संध्याकाळी द्या. इशारा आधी आलेला असतो. तो चुकला आणि शाळा उगाच बंद राहिली तर एक दिवस जाईल. उलट झाले तर काय जाते ते वर लिहिले आहे.

वर्गखोल्या आसऱ्यासाठी लागणार असतील तर तेही आधी कळवा. खोल्या द्यायला आमची ना नाही, शाळा असतेच त्यासाठी. १९७० सालच्या भीषण चक्रीवादळानंतर बांगलादेशाच्या किनाऱ्यावर उंच आसरे बांधत गेले, त्यांतले कित्येक एरवी शाळा म्हणून चालतात. कळवले तर आम्ही वह्या, तक्ते, नकाशे हलवू शकतो आणि मुलांना कुठे बसवायचे ते ठरवू शकतो. मागच्या वेळी आम्ही परतलो तेव्हा माझ्या फळ्यावर खडूने एक यादी होती. कुटुंबाचे नाव, माणसे किती, लहान मुले किती. मी ती दोन दिवस पुसली नाही. फळ्याच्या उरलेल्या अर्ध्या भागावर शिकवले. मुलांनी त्या यादीतली लहान मुले मोजली, २६ भरली. मग त्यांतला एक मुलगा म्हणाला, "त्यात मी आहे."

सवादहा झाले. वाऱ्याचा आवाज मघापेक्षा खाली आल्यासारखा वाटतो, पण दिशा बदलली आहे, त्यामुळे खात्रीने काही सांगता येत नाही. शेवटचा गडगडाट होऊन १८ मिनिटे झाली. विजेरी पिवळी पडायला लागली आहे, तेव्हा तिसरे टाचण आता पूर्ण करते. वर्गखोली नसेल तर व्हरांड्यात, फळ्याशिवाय, कागदाच्या पट्ट्या घडी घालून. ४३ पट्ट्या मी दुपारीच कापून ठेवल्या आहेत. दोन मुलांच्या पट्ट्या जरा रुंद कापल्या आहेत, त्यांना बारीक घड्या घालता येत नाहीत.

सोमवारी तक्ता देईन. तारीख, इयत्ता, विषय आणि बुडालेल्या तासिका हे रकाने भरलेले असतील. शेवटचा, भरून काढल्याच्या तारखेचा, कोरा ठेवणार आहे आणि त्याला ही तिन्ही टाचणे जोडणार आहे. ती वाचायला साधारण दहा मिनिटे लागतील. वाचून झाल्यावर काही विचारायचे असेल तर मी वर्गात असेन.

आपली विश्वासू,
सहावीची एक वर्गशिक्षिका